सीता अशोक: ओळख, लागवड आणि औषधी उपयोग यांची क्रमवार माहिती

ऐरोलीतील आमच्या सोसायटीने काही वर्षांपूर्वी कुंपणाच्या भिंतीलगत अशोकाची बारा रोपे लावली होती. औषधी झाड, घरातील स्त्रियांना उपयोगी, म्हणून सर्वांनी उत्साहाने वर्गणी दिली. झाडे सरळसोट उंच वाढली. पाचव्या वर्षी चैत्र महिन्यात आमच्या शेजारच्या आजी परडी घेऊन खाली आल्या. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या खाण्याची जुनी प्रथा आहे आणि पंचांगातही त्या तिथीला ‘अशोककलिका प्राशन’ असा उल्लेख असतो. त्या कळ्या त्यांना हव्या होत्या. बाराही झाडांखाली फिरून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा तो अशोक नव्हेच. हा नुसता हिरवा खांब आहे.”

त्यांचे म्हणणे खरे होते. त्यानंतर खरे रोप मिळवणे, भरावाच्या जमिनीत ते जगवणे, आणि घरात औषधाची गरज निर्माण झाली तेव्हा योग्य साल व योग्य सल्ला शोधणे, या सगळ्यातून मी गेले. त्या वाटेवर जे अडखळायला झाले ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

१. आधी झाड ओळखावे

‘अशोक’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन पूर्णपणे वेगळी झाडे ओळखली जातात. औषधात वापरला जातो तो सीता अशोक. त्याचे शास्त्रीय नाव सराका असोका असून तो चिंच, बहावा यांच्या कुळातला, म्हणजे शेंगा धरणारा वृक्ष आहे. ठाणे आणि नवी मुंबईत इमारतींच्या कडेने रांगेत दिसतो तो खोटा अशोक किंवा आसुपालव. त्याचे जुने शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, नवे नाव मोनून लाँगिफोलियम, आणि कूळ सीताफळाचे. या दोघांचे वनस्पतिशास्त्रीय नाते फार दूरचे आहे.

मोठ्या झाडात फरक सहज कळतो. सीता अशोकाची फुले जानेवारी ते मे या काळात येतात आणि ती केवळ फांद्यांच्या टोकांना न येता जुन्या, जाड लाकडावर, कधी थेट खोडावरही, गुच्छांनी उमलतात. उमलताना पिवळी-केशरी असलेली फुले पुढे लाल होत जातात, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात. या फुलांना पाकळ्या नसतात. आपल्याला पाकळ्या वाटतात ती रंगीत झालेली चार संदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात आणि त्यांतून लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. खोट्या अशोकाची फुले मात्र फिकट हिरवी, चांदणीसारखी आणि पानांआड दडलेली असतात.

नर्सरीत आपल्याला फुले दिसत नाहीत, हातभर उंचीचे रोप दिसते. तेथे पानावरून ओळखावे. सीता अशोकाचे पान संयुक्त असते, म्हणजे एका मधल्या देठावर समोरासमोर पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या असतात. खोट्या अशोकाचे पान सुटे, एकेकटे आणि कडांना लाटांसारखे वळलेले असते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. सीता अशोकाची एकेक पर्णिका एवढी मोठी असते की तीच संपूर्ण पान वाटते, आणि कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांना पर्णिकांची संख्याही कमी असते. अशा वेळी बेचक्यातला डोळा, म्हणजे नव्या फुटव्याची कळी, शोधावी. ती नेहमी पूर्ण पानाच्या बुडाशी असते, पर्णिकेच्या बुडाशी कधीही नसते. ही एकच खूण मला सुरुवातीला कोणी सांगितली असती, तर आमची पाच वर्षे वाया गेली नसती.

दुसरी खूण नव्या पालवीची. सीता अशोकाची कोवळी पाने तांबूस असतात आणि झुबक्यांसारखी खाली लोंबतात. अनेकांना ती सुकलेली वाटतात आणि ते रोप नाकारतात. प्रत्यक्षात ते निरोगी, वाढत्या रोपाचे लक्षण आहे. काही दिवसांत तीच पाने ताठ आणि हिरवी होतात.

आवारात आधीपासून खोटा अशोक असेल, तर तो निरुपयोगी समजून काढण्याच्या मागे लागू नये. त्याची फळे वटवाघळे खातात, आणि टेल्ड जे नावाच्या हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. आमची बाराही झाडे आजही उभी आहेत.

२. रोप कोठून आणि कसे घ्यावे

नर्सरीत ‘अशोक आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘आहे’ असेच येते आणि हातात खोटा अशोक पडतो. ‘सीता अशोक, सराका असोका’ असे स्पष्ट म्हणावे आणि पावतीवरही तसेच लिहून घ्यावे. आम्हाला पहिल्या वेळी रोपे देणाऱ्याने मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही. त्यालाही दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता. म्हणूनच ओळखीची जबाबदारी घेणाऱ्याने स्वतःवर ठेवावी.

घोडबंदर रस्त्यालगतच्या खासगी नर्सरी, तसेच वन विभाग व सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिका या ठिकाणी पावसाळ्यापूर्वी चौकशी करावी. शंका राहिल्यास एका फांदीचे छायाचित्र घेऊन आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या, विभागात दाखवावे. या महाविद्यालयांना औषधी वनस्पतींची बाग ठेवावी लागते. असे एक महाविद्यालय नेरुळमध्येही आहे. खरे झाड एकदा समोर उभे राहून पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

रोप दोन ते तीन फूट उंचीचे आणि खोड पेन्सिलीहून जाड असलेले निवडावे. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर पडून गुंडाळली गेली असतील, तर ते रोप सोडून द्यावे.

३. जागा आणि संमती

सीता अशोक पश्चिम घाटातील सदाहरित जंगलांत ओढ्यांच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा वृक्ष आहे. त्याला ओलावा हवा, निचरा हवा, आणि लहानपणी थोडी सावली हवी. नवी मुंबईचा खाडीलगतचा बराच भाग भराव टाकून तयार झालेला असल्याने वरच्या दीड-दोन फुटांत मुरूम, डबर आणि कधी खारटपणाही आढळतो. ठाण्यात डोंगराच्या बाजूला माती बरी मिळते, पण उतारावर पाणी थांबत नाही.

जागा निवडताना दुपारनंतरचे ऊन अडवणारी इमारत किंवा मोठे झाड पश्चिमेला असेल अशी पाहावी. भिंतीपासून किमान तीन मीटर अंतर ठेवावे. हे झाड सहा ते नऊ मीटर उंच होते आणि त्याचा घेर पसरट असतो, त्यामुळे त्याला खोट्या अशोकासारखे रांगेत दाटीने लावता येत नाही.

सोसायटीच्या आवारात लावण्यापूर्वी पुढील कागद तयार ठेवावेत:

• व्यवस्थापन समितीला दिलेला लेखी अर्ज आणि समितीच्या बैठकीतील ठरावाची प्रत
• जमिनीखालील पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्यांचा नकाशा. तो नसल्यास जुन्या प्लंबरला बरोबर घेऊन जागेवर केलेली पाहणी
• रोपांची पावती आणि लावल्यानंतरची छायाचित्रे, तारखेसह

ठराव लेखी घेण्याचा आग्रह धरावा. समित्या बदलतात, आणि चार वर्षांनी आलेल्या नव्या समितीला त्याच जागी दुचाकींचे वाहनतळ हवे असते. रस्त्याच्या कडेला किंवा उद्यानात लावायचे असल्यास ठाणे किंवा नवी मुंबई महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा; स्वतःहून पदपथ खणू नये.

४. खड्डा आणि लागवड

लागणारे साहित्य: कुदळ, पहार, फावडे, घमेले, चांगली लाल माती, कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड, बांबूचा टेकू, सुतळी आणि आच्छादनासाठी पालापाचोळा.

चांगल्या जमिनीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. भरावाच्या जमिनीत तीन फुटांचा घ्यावा आणि निघालेले डबर परत खड्ड्यात लोटू नये. मे महिन्यात खड्डा खणून उघडा ठेवावा. लागवडीपूर्वी त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर तेथे मुळे कुजणार हे निश्चित, आणि जागा बदलणेच योग्य. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड असे मिश्रण आम्हाला मानवले.

लागवड जूनच्या पहिल्या सरीला करू नये. पहिल्या सरींनंतर कधी कधी आठवडाभर कडक ऊन पडते आणि नवे रोप त्यात करपते. पाऊस स्थिरावल्यावर, साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, संध्याकाळी लावावे. पिशवी ब्लेडने कापून मातीचा गोळा अखंड ठेवावा. रोप पिशवीत जेवढे मातीत होते तेवढेच खड्ड्यात जावे. बुंधा खोल पुरल्यास साल कुजते. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून माती थोडी उंच ठेवावी, आणि दिवाळीनंतर तेथेच पाण्यासाठी आळे करावे.

५. पहिली तीन वर्षे

या झाडाची वाढ सावकाश होते आणि या टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्या वर्षी आमची रोपे जेमतेम वीतभर वाढली. मार्च ते मे या काळात पर्णिकांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या, तेव्हा आम्ही खत वाढवले आणि त्यामुळे त्रास अधिकच वाढला. कारण खताचा अभाव नव्हता. ऊन, कोरडा वारा आणि कूपनलिकेचे खारट पाणी ही कारणे होती. पाणी बदलले, पश्चिमेला हिरवी जाळी बांधली आणि बुंध्याभोवती चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरला, तेव्हा नवी तांबूस पालवी आली. पालापाचोळा बुंध्याला थेट टेकू देऊ नये.

पहिले तीन उन्हाळे दर दोन-तीन दिवसांनी सावकाश, मुरेल असे पाणी द्यावे. रोज शिंपडलेले थोडे पाणी मुळांपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या चार रोपांपैकी तीन जगली आणि त्यांतल्या एकाला सातव्या वर्षी पहिला गुच्छ आला, तोही जमिनीपासून हातभर उंचीवर, खोडाला चिकटून. आजींनी त्या वर्षी कळ्या न तोडता नुसता हात लावून नमस्कार केला.

६. झाडाची साल काढू नये

औषधात प्रामुख्याने साल वापरली जाते, हे कळल्यावर आवारातील झाडाला सुरी लावण्याचा मोह लोकांना होतो. आमच्याही झाडावर एके सकाळी हाताच्या तळव्याएवढी साल खरवडलेली आढळली. पानांत तयार होणारे अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण कडे निघाले, तर मुळांची उपासमार होऊन झाड मरते. अर्धवट जखम झाली, तर तेथून बुरशी व कीड आत शिरते. शिवाय महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यानुसार झाड तोडणे या संज्ञेत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. फांद्या छाटायच्या असल्या तरी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथून कोणत्याही झाडाची साल, बी किंवा मूळ आणणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा ठरतो.

सीता अशोक आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात आहे, आणि जंगलातील झाडांची साल काढली जाणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपण आवारात जे झाड लावतो ते फुलांसाठी, सावलीसाठी आणि बियांसाठी लावावे. औषधाचा मार्ग वेगळा आहे.

७. औषध म्हणून उपयोग: परंपरा आणि सावधगिरी

आयुर्वेदात अशोकाची साल कषाय, म्हणजे तुरट रसाची आणि शीत गुणाची मानली आहे. चरकसंहितेत अशोकाचा समावेश वेदनास्थापन, म्हणजे वेदना शमवणाऱ्या, दहा द्रव्यांच्या गटात आहे. पुढच्या काळातील ग्रंथांत त्याचा मुख्य उपयोग असृग्दर किंवा रक्तप्रदर, म्हणजे मासिक पाळीत होणारा अतिरक्तस्राव, यावर सांगितला आहे. बियांचे चूर्ण मूत्रविकारांत वापरण्याचीही परंपरा आहे.

दोन कल्प, म्हणजे सालीपासून तयार केली जाणारी औषधे, विशेष प्रचारात आहेत. पहिला क्षीरपाक. याचे सर्वसाधारण प्रमाण औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी असे असते. मंद आचेवर पाणी आटून केवळ दूध उरले की ते गाळून घेतात. सालीतील तुरट टॅनिनमुळे दूध फाटण्याची शक्यता असते, म्हणून आच मोठी करू नये. दुसरा कल्प अशोकारिष्ट. यात सालीचा काढा, गूळ आणि धायटीची फुले यांना सुंठ, जिरे, नागरमोथा, दारुहळद, त्रिफळा, अडुळसा, चंदन इत्यादींची जोड देऊन मिश्रण आंबवले जाते. हे घरी करण्याच्या फंदात पडू नये. आंबवण्याची क्रिया बिघडली तर ते पिण्यायोग्य राहत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला पाळीत अतिरक्तस्राव होत असे. आम्ही आधी बाजारातून सालीचे चूर्ण आणून दीड महिना दिले आणि तपासणी लांबवली. ती आमची चूक होती. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या आणि तोपर्यंत तिचे हिमोग्लोबिन पुष्कळ खाली गेले होते. त्यामुळे हा क्रम मी कळकळीने सांगते: आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी, मग वैद्यांचा सल्ला, आणि औषध त्यानंतर. अतिरक्तस्रावामागे गाठी, थायरॉइडचा विकार, संप्रेरकांचे असंतुलन अशी निरनिराळी कारणे असू शकतात. रजोनिवृत्तीनंतर थोडासाही रक्तस्राव झाला, तर गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता आधी तपासून घ्यावी लागते. तेथे घरगुती उपचाराला एक दिवसही देऊ नये.

वैद्यांकडे जाताना सोनोग्राफीचा अहवाल, हिमोग्लोबिन व थायरॉइडच्या तपासण्या, चालू औषधांची यादी आणि मागील तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहिलेला कागद बरोबर न्यावा. पुढील बाबी त्यांना न विसरता सांगाव्यात.

गरोदरपण किंवा त्याची शक्यता असल्यास ते प्रथम सांगावे, आणि अशा वेळी स्वतःच्या मनाने अशोकाचे कोणतेही औषध घेऊ नये. लोहाच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे, कारण टॅनिनमुळे लोहाचे शोषण कमी होते. दोन्हींच्या वेळांत किती अंतर ठेवायचे हे विचारून घ्यावे. अरिष्टात गूळ असतो, म्हणून मधुमेह असल्यास त्याचा उल्लेख करावा. अरिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेले मद्यार्कही असते. स्त्रियांच्या जंतुसंसर्गावर नेहमी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलबरोबर मद्यार्क टाळण्याची सूचना असते, हे फार थोड्या जणींना माहीत असते.

साल विकत घेताना चूर्ण घेऊ नये, तुकडे घ्यावेत. चूर्ण झाल्यावर नुसत्या डोळ्यांनी ओळख पटवणे अशक्य होते, आणि सीता अशोकाच्या सालीत खोट्या अशोकाची साल मिसळण्याचा प्रकार जुना आहे. खरी साल बाहेरून हिरवट-करडी व पुटकुळ्यांसारख्या उंचवट्यांनी खरखरीत, आतून तांबूस-तपकिरी आणि चवीला स्पष्ट तुरट असते. तुकडे वैद्यांना दाखवूनच वापरावेत. तयार अरिष्ट घेताना बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा, मद्यार्काचे प्रमाण आणि घटकांत सराका असोकाचे नाव आहे का, हे पाहावे.

बहिणीवर पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वैद्य या दोघांच्या देखरेखीखाली उपचार झाले आणि दोघांनाही एकमेकांची औषधे ठाऊक होती. ती आज बरी आहे. त्यात अशोकाचा वाटा किती होता हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही.

८. कळ्या, शेंगा आणि पुढची रोपे

अष्टमीला कळ्या घ्यायच्या असल्यास एकाच गुच्छातून ओरबाडू नयेत. निरनिराळ्या गुच्छांतून एकेक घ्यावी आणि स्वच्छ धुवावी. रस्त्याकाठच्या, औषध फवारलेल्या झाडाच्या कळ्या खाऊ नयेत.

फुलांनंतर चपट्या, चामड्यासारख्या शेंगा धरतात. कोवळेपणी त्या जांभळट असतात. पिकल्यावर त्या तडकून बिया खाली पडतात. या बियांची उगवणक्षमता फार लवकर नाहीशी होते, म्हणून त्या डबीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. ताजी बी एक रात्र पाण्यात भिजवून, माती व कुजलेल्या खताच्या पिशवीत बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरावी आणि पिशव्या सावलीत ठेवाव्यात. साधारण महिनाभरात कोंब दिसतो. पहिल्या पावसाळ्यात रोप हलवू नये. पिशवीतच एक वर्ष वाढू द्यावे.

पिशवीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने ‘सीता अशोक’ असे लिहून पेरणीची तारीखही लिहावी, आणि रोप दुसऱ्या कोणाला देताना बेचक्यातला डोळा प्रत्यक्ष दाखवूनच द्यावे. आमच्याकडे सध्या अशी नऊ रोपे जिन्याखालच्या सावलीत आहेत आणि त्यांतली दोन पुढच्या जुलैत शेजारच्या सोसायटीत जाणार आहेत.